घाटाखालचे विद्यापीठ, घाटावरचे विद्यापीठ



दहावीचा निकाल लागला की चार-आठ दिवसांत आमच्या शिक्षक-खोलीकडे पालकांची ये-जा सुरू होते. कुणी नेरळहून येते, कुणी खोपोलीहून, कुणी खालापूरकडच्या एखाद्या वाडीवरून. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला जातो, खुशाली विचारून होते आणि मग तो ठरलेला प्रश्न येतो : "सर, मुंबईचं कॉलेज चांगलं का पुण्याचं? कुठे नंबर लागणं जास्त कठीण?" दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच पहिल्याचे उत्तर आहे अशी त्यांची समजूत असते. बाजारात ज्या दुकानापुढे रांग त्या दुकानाचा माल चांगला, तसेच जिथे प्रवेश कठीण तिथले शिक्षण उत्तम.

हा प्रश्न आपल्याकडे इतक्या आग्रहाने विचारला जातो याचे कारण आपल्या भूगोलात आहे. कर्जत स्टेशन मुंबईहून लोहमार्गाने सुमारे १०० किलोमीटर आणि पुण्याहून त्याहून थोडे कमीच. गाडीला मागून बँकर लागला आणि ती बोरघाट चढून गेली की पुणे जिल्हा सुरू. खोपोलीच्या माणसाला तर लोणावळा म्हणजे शेजारघर. म्हसळ्याच्या किंवा मुरुडच्या पालकाला पुणे लांब वाटते. आपल्याला मात्र दोन्ही विद्यापीठांची दारे सारखीच जवळ दिसतात. कागदावर ती तशी कधीच नव्हती. ती का नव्हती, आणि ते न कळल्याने काय होते, हे सांगण्यासाठी या स्मरणिकेची चार पाने मी मागून घेतली आहेत.

इतिहासाचा शिक्षक असल्याने सुरुवात १८५७ पासून करतो. पालकांनी कंटाळू नये. शेवटी आपल्या मुलांच्या फॉर्मपर्यंतच यावयाचे आहे.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले. गंमत अशी की विद्यापीठाच्या एक वर्ष आधी, १८५६ मध्ये, आगगाडी आपल्या खोपोलीपर्यंत येऊन पोचली होती. घाटातला रेल्वेमार्ग मात्र १८६३ साली खुला झाला. त्या काळी विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारी संस्था. शिकवणारी कॉलेजे निराळी, आणि त्यांचा पसारा केवढा? पुणे तर होतेच, शिवाय गुजरात, कर्नाटकाचा मुंबई इलाख्यातला भाग आणि थेट सिंधमधील कराचीपर्यंतचा मुलूख याच एका विद्यापीठाखाली होता. पुण्याचे डेक्कन कॉलेज, इंजिनिअरिंगचे कॉलेज, १८८५ साली निघालेले फर्ग्युसन, या साऱ्यांतील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाचेच पेपर सोडवीत. घाटावरचा आणि घाटाखालचा असा भेद त्या वेळी नव्हता.

याचा अर्थ प्रवेश सोपा होता असे मुळीच नाही. पहिली मॅट्रिक, म्हणजे प्रवेशपरीक्षा, १८५९ साली झाली. साऱ्या इलाख्यातून शंभरावर मुले बसली आणि जेमतेम वीस-बावीस उतरली. १८६२ च्या पहिल्या बी.ए. परीक्षेत चौघेच उत्तीर्ण झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांतले भांडारकर आपल्या कोकणचेच, शाळा रत्नागिरीची. आपल्या समाजाचे नाव या यादीत यावयास थोडा अवधी लागला. रहिमतुल्ला महंमद सयानी हे १८६८ साली एम.ए. झाले, या विद्यापीठाचे ते पहिले मुसलमान एम.ए. पुढे १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम काढली त्यामागे हाच विचार होता की इंग्रजी शाळेची पायरी आपल्या मुलांपुढे कुणीतरी मांडल्याशिवाय ती मॅट्रिकच्या दारापर्यंत जाणार तरी कशी?

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळचा अडसर परीक्षेचा होता. एकदा मॅट्रिकचा डोंगर ओलांडला आणि फी भरण्याची ऐपत असली की कला शाखेच्या कॉलेजात जागा मिळे. "जागा भरल्या, आता तुम्ही कितीही हुशार असा" हे वाक्य सहसा ऐकावे लागत नसे. ऐपत नसलेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. आपल्या मुलांपुरते त्याचे एक उत्तर सर महंमद युसूफ यांनी दिले. त्यांच्या ८ लाख रुपयांच्या देणगीतून जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसूफ कॉलेज उभे राहिले आणि १९३० साली सुरू झाले. कोकणातील मुसलमान घरांत आज जे वयोवृद्ध पदवीधर सापडतात, त्यांतील कित्येकांच्या आठवणी या टेकडीपाशी जाऊन थांबतात.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले, बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. सुरुवातीस पश्चिम महाराष्ट्रातील १२ जिल्हे त्याच्याकडे होते. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले, १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ झाले, नागपूरचे १९२३ पासून होतेच. शिवाजी विद्यापीठ झाल्यावर पुण्याकडे पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे व जळगाव एवढे पाच जिल्हे राहिले. आपला जिल्हा, जो १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई, तो मुंबईच्या हद्दीत आहे. म्हणजे विद्यापीठांची सीमा बोरघाटातून गेली. खंडाळ्याचा मुलगा एका विद्यापीठाचा, खोपोलीचा दुसऱ्या.

नुसत्या हद्दीने कुणाचे बिघडले नसते. पण त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती. डॉक्टर व इंजिनिअर होऊ इच्छिणाऱ्यांची संख्या वाढत होती आणि जागा मात्र मोजक्याच होत्या. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासूनचे, पुण्यात बी. जे. मेडिकल १९४६ चे. अडसर आता परीक्षेवरून जागांच्या मोजणीवर आला. पास होणे पुरेनासे झाले. इतरांच्या पुढे असणे भाग पडू लागले.

त्या वेळी एस.एस.सी. अकरावीला असे. मग कॉलेजची पहिली वर्षे, आणि इंटर सायन्सच्या गुणांवर मेडिकल-इंजिनिअरिंगचा प्रवेश. ही परीक्षा ज्याचे-त्याचे विद्यापीठ घेई. पेपर निराळे, तपासणारे निराळे. माझे एक चुलते मुंबईकडून इंटर सायन्सला बसले होते. ते अखेरपर्यंत सांगत की मुंबईचा पेपर कडक आणि पुण्याचा ढिला. त्यांचे पुण्याचे एक स्नेही तितक्याच ठामपणे उलट सांगत. दोघांनाही मेडिकल मिळाले नव्हते, त्यामुळे दोघांचेही मत पक्के होते! विनोद सोडा, पण मुद्दा खरा होता. दोन निरनिराळ्या तराजूंत तोललेला माल एका भावाने कसा विकावयाचा? म्हणून विद्यापीठाच्या हद्दीतील मेडिकल कॉलेज त्या हद्दीतील विद्यार्थ्यांसाठी, अशी वाटणी रूढ झाली. असाच विद्यापीठनिहाय जागांचा नियम त्या वेळच्या म्हैसूर राज्यात होता आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने डी. एन. चंचला खटल्यात तो उचलून धरला.

आता गंमत पाहा. १९७५ साली महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची दहावी आली, पाठोपाठ बारावी आली. बारावीची परीक्षा राज्य मंडळाची. गडचिरोलीचा विद्यार्थी असो की गुहागरचा, अभ्यासक्रम एक, परीक्षा एकाच मंडळाची. तराजू एक झाला, म्हणजे वाटणीचे मूळ कारण संपले. पण कुंपण तसेच राहिले. कारण संपले तरी नियम पुढे चालत राहतो, याची उदाहरणे इतिहासात पावलोपावली सापडतात. हे त्यांतलेच एक.

या कुंपणावर १९८६ साली घाव पडला. निदमर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एका भागातील मेडिकलच्या सर्वच्या सर्व जागा त्याच भागातील विद्यार्थ्यांना देणे समतेच्या तत्त्वाला धरून नाही. फार तर ७० टक्के जागा त्या भागासाठी ठेवा, निदान ३० टक्के इतर भागांतील मुलांना खुल्या करा. त्याआधी १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यापासून हेच तत्त्व देशभरासाठी मांडले जात होते, आणि त्यातून मेडिकलच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात गेल्या. ज्याला आपण तोंडाने सहज "सत्तर-तीस" म्हणतो तो हिशोब या निकालांतून आला आहे. कुंपण पडले नाही. त्याला एक फाटक बसले.

वैद्यकीयमध्ये हे भाग पुढे विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे धरले गेले. आपण उर्वरित महाराष्ट्रात, म्हणजे मुंबई-पुणे दोन्हींच्या बाजूचे. त्यामुळे आपल्याला त्याची झळ फारशी जाणवली नाही. मराठवाड्याच्या मुलांना जाणवली, कारण त्यांच्याकडे कॉलेजे थोडी होती. अखेर सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वैद्यकीय प्रवेशातील ही सत्तर-तीसची अट रद्द केली.

इंजिनिअरिंगची गोष्ट निराळी. तेथे वर्षानुवर्षे "होम युनिव्हर्सिटी" हा शब्द चालत आला. आपण त्याला घरचे विद्यापीठ म्हणू. समजा, एका शाखेला ६० जागा आहेत. आरक्षणाचा हिशोब घटकाभर बाजूला ठेवला तर ४२ जागा घरच्या विद्यापीठाच्या मुलांना आणि १८ जागा राज्यातील बाहेरच्या विद्यापीठांच्या मुलांना. म्हणजे एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांसाठी दोन निरनिराळ्या यादी, दोन निरनिराळे शेवटचे गुण. मग "पुण्यात नंबर लागणे कठीण की मुंबईत" या प्रश्नाला एक उत्तर कसे असेल? तुम्ही कोणत्या यादीत उभे आहात, यावर ते अवलंबून.

आणि घरचे विद्यापीठ ठरते कशावरून? येथेच आपल्या कर्जत-खालापूरच्या पालकांची गफलत होते. रेशनकार्डावरचा पत्ता, मुलाचे जन्मगाव, बापाचे घर यांवरून ते ठरत असेल असे कुणालाही वाटेल. नियम पाहता, मूळच्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याचे घरचे विद्यापीठ त्याने बारावी वा डिप्लोमा ज्या कॉलेजातून केला ते कॉलेज कोणत्या जिल्ह्यात आहे, यावरून धरले जाई.

हे मला पुस्तकातून कळले नाही, ठेच लागून कळले. ती गोष्ट सांगतो. विद्यार्थ्याचे नाव सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात खालापूर तालुक्यातील एक मुलगा होता. बाप एका कारखान्यात पाळीवर, आई घरी शिवणकाम करणारी. गणितात मुलाचा हात असा चाले की आमचे गणिताचे सर त्याची वही इतर तुकड्यांत दाखवीत. दहावीला उत्तम गुण पडले. त्याचे मामू लोणावळ्यात राहत. घाटावर हवा चांगली, कॉलेज घरापासून जवळ, मामींच्या हातचे जेवण, लोकलच्या गर्दीत रोजचे तीन-चार तास जाणार नाहीत. बापाने विचारले तेव्हा मीच छातीठोकपणे म्हणालो, "बेलाशक पाठवा. दोन वर्षं अभ्यासाची आहेत. बारावीनंतर मुंबईला जाईलच."

मुलाने आपले काम चोख केले. सीईटीत चांगले पर्सेंटाइल आले. भायखळा, माटुंगा, अंधेरी असा साऱ्या मुंबईचा नकाशा त्याने मनात मांडून ठेवला होता, आणि पसंतीक्रमही तसाच भरण्याचे ठरले होते. कागद तपासणीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर सुविधा केंद्रावर गेलो होतो. पडद्यावर त्याच्या नावापुढे घरचे विद्यापीठ म्हणून पुणे आले. त्याने माझ्याकडे वळून विचारले, "सर, आपण रायगडचे ना? मग मी पुण्याचा कसा?"

मला उत्तर देता आले नाही. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी माहितीपुस्तिकेतील पान उघडून आमच्यापुढे ठेवले. त्यांची चूक काहीच नव्हती. मुंबईच्या त्या कॉलेजांत आता तो थोड्या जागांच्या यादीत होता, बाहेरचा म्हणून. उलट पुण्याच्या कॉलेजांत तो घरचा होता. पण पुण्यातील कॉलेजांची, तिथल्या शाखांची, वसतिगृहांची, खर्चाची आम्ही कुणी माहितीच काढली नव्हती. हातात दिवस थोडे. घाईघाईने काही नावे पसंतीक्रमात घातली. त्याला पुण्याकडे एक कॉलेज मिळाले, पण जी शाखा मनात होती ती नाही. आज तो नोकरीत आहे, ईदला भेटायला येतो. बापाने त्या दिवशी परत येताना एवढेच म्हटले, "नसीब, सर." मला तो शब्द फार लागला. नशिबाचा त्यात काहीच भाग नव्हता. एका सरकारी पुस्तिकेतले एक पान होते, दोन वर्षे आधी कुणीही वाचता आले असते असे, आणि ते वाचावयाचे काम माझे होते.

दुसरी गफलत "कट-ऑफ" या शब्दाची. गेल्या वर्षीच्या याद्या पाहून पालक म्हणतात, अमक्या कॉलेजचा कट-ऑफ वर आहे, ते श्रेष्ठ. कट-ऑफ म्हणजे त्या यादीतल्या शेवटच्या मुलाचा आकडा, बस. जागा ६० च्या १२० झाल्या की शिक्षक तेच, प्रयोगशाळा तीच, पण आकडा खाली उतरतो. एखादी शाखा एकाएकी लोकप्रिय झाली की तो वर चढतो. स्टेशनपासून चालत जाता येणाऱ्या कॉलेजचा आकडा आडवाटेच्या कॉलेजपेक्षा वर राहतो, त्यात गुरुजनांचे कर्तृत्व किती आणि रेल्वेचे किती? शिवाय २०१९ पासून सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभरातील सुमारे नव्वद जण तुमच्याइतके किंवा तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून ही पद्धत. दोन तराजूंचा तो जुना इंटर सायन्सचा प्रश्न पुन्हा आला, आणि या वेळी त्यावर कुंपणाऐवजी गणिताचा तोडगा काढला गेला, हे मला विशेष वाटते.

नियम किती वेळा बदलतात हेही पाहा. आधी बारावीचे गुण, मग सीईटी. २०१४ व २०१५ या दोन वर्षी राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी केंद्राची जेईई धरली गेली आणि बारावीच्या गुणांनाही निम्मे वजन मिळाले. २०१६ ला पुन्हा राज्याची सीईटी. मेडिकलसाठी २०१३ मध्ये नीट आली, त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, एप्रिल २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला गेला आणि नीट परत आली. मधल्या वर्षांत अकरावी-बारावीत असलेल्या मुलांनी काय अभ्यास करावयाचा होता, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. २०२४ च्या नीटला देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि एम.बी.बी.एस.च्या जागा सुमारे १ लाख १० हजार. आपल्या जिल्ह्यात अलिबागला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले, त्याच्या १०० जागा. एका मोठ्या गावाची लोकसंख्या दारात उभी आणि आत शंभर खुर्च्या, असा हा प्रकार आहे.

पैशाच्या दाराचीही थोडी हकीकत सांगावयास हवी, कारण कर्ज काढण्याची तयारी आपले पालक फार लवकर करतात. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजे काढण्यास मोकळीक दिली. जागा वाढल्या हे खरेच. १९९४ मध्ये कर्जतलाच कोकण ज्ञानपीठाचे इंजिनिअरिंग कॉलेज निघाले ते याच वाटेने. पण वाटेवर देणगीचा नाका बसला. राज्याने १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला. शेजारच्या कर्नाटकात काय चालले होते ते १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात उघड झाले : सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, राज्यातील इतर मुलांना २५,००० आणि परप्रांतीय मुलांना ६०,०००. कुंपणाच्या बाहेर असण्याची किंमत इतक्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच लिहिली गेली असेल. पुढे १९९३ चा उन्नीकृष्णन, २००२ चा ११ न्यायाधीशांचा टी.एम.ए. पै, असे निकाल येत गेले.

यांतला २००५ चा निकाल पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ओळखला जातो. हे इनामदार म्हणजे पुण्याच्या आझम कॅम्पसशी ज्यांचे नाव जोडलेले आहे तेच. आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेच्या माणसाच्या नावाचा निकाल देशभरच्या कॉलेजांना लागू झाला, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. त्यात विनाअनुदान संस्थांना, अल्पसंख्य असोत वा नसोत, मोकळीक मिळाली. पण प्रवेश गुणवत्तेवर, उघडपणे झाला पाहिजे आणि कॅपिटेशन फी चालणार नाही, हेही तितकेच बजावले गेले. अल्पसंख्य संस्थांत समाजासाठी ज्या जागा असतात, त्यांबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे की तेथे ओळखीने काम होते. तेथेही गुणांची यादी लागते. भायखळ्याचे साबू सिद्दीक असो की नवीन पनवेलचे अंजुमनचे कळसेकर टेक्निकल कॅम्पस, समाजाच्या जागेसाठी समाजातील मुलेच एकमेकांशी स्पर्धा करतात. फायदा एवढाच की तेथे घाटाखालचा आणि घाटावरचा हा प्रश्न मागे पडतो. तोही लहान नाही.

आणि फायद्याची गरज आहे. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की देशातील नामांकित कॉलेजांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर ५० मागे एक मुसलमान विद्यार्थी आहे. १८६८ च्या सयानींपासून इतक्या वर्षांची ही मजल.

अलीकडे आपल्याच जिल्ह्यात तिसरे दार उघडले आहे. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ सालचे. २०१६ नंतर राज्यभरातील इंजिनिअरिंग कॉलेजे त्याला जोडली जाऊ लागली. पुण्याचे जुने इंजिनिअरिंग कॉलेज २०२२ मध्ये स्वतःच विद्यापीठ झाले. म्हणजे बोरघाटातून गेलेली ती रेघ हळूहळू पुसट होत आहे. पण पुसट होणारी रेघ पुसली गेली असे धरून चालणे धोक्याचे, हे मी खालापूरच्या त्या मुलाकडून शिकलो.

त्याच मुलाची धाकटी बहीण परवा दहावी झाली. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झाल्यामुळे आता फॉर्ममध्ये कुठल्याही गावाचे कॉलेज बोटाच्या एका टिचकीसरशी निवडता येते. बाप तिला घेऊन शाळेत आला. पेढे ठेवले. मुलीला मेडिकलला जायचे आहे. कर्जतला ठेवू, की पनवेलला पाठवू, की मामूंकडे लोणावळ्याला, असे तीन पर्याय त्याने मोजले आणि म्हणाला, "सर, तुम्ही सांगाल तिथं घालतो."

मी म्हटले, "थांबा जरा." कपाटातून चालू वर्षाची माहितीपुस्तिका काढली, मुलीच्या हातात दिली आणि आम्ही तिघे पहिल्या पानापासून वाचावयास बसलो. दुपारची शाळा सुटेपर्यंत अकरा पाने झाली होती. मुलगी पेन्सिलीने खुणा करीत होती, आणि मला दोन ठिकाणी अर्थ लागत नव्हता तो तिने लावून दाखविला.